'एलियन' हा शब्द आला कुठून, आणि आईला तो मराठीत कसा सांगू?

ओसरी

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात आम्ही एडिसनमधल्या एडिसनमध्येच घर बदललं. आई माझ्याकडे ग्रीन कार्डावर आहे. पत्ता बदलला की दहा दिवसांच्या आत इमिग्रेशनला कळवावं लागतं, त्यासाठी एआर-११ नावाचा फॉर्म असतो. माझं नागरिकत्व झाल्यापासून मला तो भरावा लागत नाही, म्हणून त्याच्या नावाकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. आई शेजारी चष्मा लावून बसली होती. तिचं इंग्रजी बेताचं, पण अक्षर लावून वाचते. तिने मोठ्याने वाचलं, "एलियन्स चेंज ऑफ अॅड्रेस कार्ड." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "एलियन म्हणजे आपल्या पिंट्याच्या कार्टूनमधले, मोठ्या डोळ्यांचे, तेच ना गं? मग हे कार्ड माझं कसं?"

मी म्हटलं, एलियन म्हणजे परदेशी. तर म्हणाली, "परदेशी आपल्या बार्शीच्या गल्लीत राहायचे. कापडाचं दुकान होतं त्यांचं."

हसलो दोघी. पण ती रात्री पुन्हा विचारत होती, "वाईट शब्द आहे का तो? शिवी आहे का?" मला नीट उत्तर देता आलं नाही. ती ऐंशीच्या घरात आहे, उगाच काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची नाही मला. तर दोन प्रश्न. हा शब्द मुळात आला कुठून आणि त्यात अपमान आहे का? आणि आईला पटेल असा मराठी शब्द कोणता?

चिंचबन

पिंट्याला विचारा. आजी एलियन आहे हे कळल्यावर शाळेत त्याचा भाव केवढा वधारेल!

मुळामुठा

मला तर हा शब्द सरळ संस्कृत वाटतो. अ + लीन. जो लीन होत नाही, मिसळून जात नाही तो अलीन. शिवाय ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात, दाशराज्ञ युद्धाच्या सूक्तात 'अलिन' नावाची टोळीच आहे. पक्थ, भलानस, अलिन, विषाणिन अशी नावं एका ओळीत येतात. त्या युद्धातल्या सुदास राजाच्या दृष्टीने ते बाहेरचेच.

शब्दवेडा

@मुळामुठा, अलिन टोळीचा उल्लेख अगदी बरोबर आहे, पण तिचा या शब्दाशी संबंध नाही. आणि 'अ + लीन' हा नुसता ध्वनींचा योगायोग. इंग्रजी शब्दाचा माग स्पष्ट सापडतो. लॅटिनमध्ये 'एलियस' म्हणजे दुसरा. त्यावरून 'एलिएनस', म्हणजे दुसऱ्याचा. तो जुन्या फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला. त्याची भावंडं आपण रोज वापरतो. पोलीस स्टेशनच्या कागदावरचं 'एलियास', म्हणजे दुसरं नाव. आणि 'अॅलिबाय', म्हणजे गुन्हा घडला तेव्हा मी दुसरीकडे होतो. इंग्रजीतला साधा 'एल्स'सुद्धा याच घराण्यातला. अर्थाने आपला 'अन्य' त्याला चिकटतो, पण दोघांचं मूळ एकच की नाही यावर भाषाशास्त्रज्ञांचं एकमत नाही, म्हणून ते बाजूला ठेवू.

ओसरीताई, तुमच्या प्रश्नाचा गाभा मला इथेच दिसतो. एलिएनसचा मूळ अर्थ विचित्र असा नव्हताच. अर्थ होता दुसऱ्याचा. आपल्याकडे याच बांधणीचा शब्द आहे: परकीय. पर म्हणजे दुसरा, परकीय म्हणजे दुसऱ्याचं. स्वकीय म्हणजे आपलं, राजकीय म्हणजे राजाचं, तसंच. आज आपण परकीय ऐकलं की परका, अनोळखी एवढंच मनात येतं. मुळात तो मालकी सांगणारा शब्द आहे. एलियनचंही हुबेहूब तसंच.

म्हणून जमीन विकून दुसऱ्याच्या नावे करणं म्हणजे 'एलिएनेट' करणं. मन ताळ्यावर राहिलं नाही, जणू दुसऱ्याचं झालं, तर त्यालाही लॅटिनमध्ये याच धातूतला शब्द होता. एकोणिसाव्या शतकात मनोविकारांच्या डॉक्टरला इंग्रजीत 'एलिएनिस्ट' म्हणत ते त्यावरूनच. आणि मराठी समीक्षेत ज्याला आपण परात्मता म्हणतो, ते 'एलिएनेशन', म्हणजे स्वतःच स्वतःला परकं होणं.

चिंचबन

अॅलिबाय आणि एलियन भावंडं! दोघांचंही म्हणणं एकच, "साहेब, मी इथला नव्हेच."

नोटरी

शब्दवेडा यांनी जमिनीचं काढलं म्हणून लिहितो. पुण्यात पेशवे दफ्तर ज्या कचेरीत होतं तिला इंग्रजी अमदानीत 'एलिएनेशन ऑफिस' म्हणत. वकिली सुरू केली तेव्हा मला वाटायचं, हे परकीयांच्या नोंदणीचं खातं असणार. तसं नव्हतं. इनाम जमिनींचा कारभार तिथे होता. इनाम म्हणजे सरकारने महसूल घेण्याचा आपला हक्क दुसऱ्याला देऊन टाकलेला, म्हणून ती जमीन 'एलिएनेटेड'. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे, तिच्या व्याख्यांच्या कलमात हा शब्द आजही त्याच अर्थाने बसलेला आहे.

माणसांच्या बाबतीतही आपले कायदे हा शब्द पूर्ण विसरलेले नाहीत. २०२५ मध्ये रद्द झालेल्या १९४६ च्या परकीय नागरिकांबद्दलच्या कायद्यात 'फॉरेनर' होता, हे खरं. पण १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ८३ बघा. तिथे 'एलियन फ्रेंड' आणि 'एलियन एनिमी' असे दोन प्रकार आहेत आणि कोणाला आपल्या कोर्टात दावा लावता येईल ते सांगितलंय. राज्यघटनेचं अनुच्छेद २२ अटकेतल्या माणसाला संरक्षण देतं, वकील गाठण्याचा हक्क, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करणं वगैरे. त्याच अनुच्छेदात म्हटलंय की हे संरक्षण 'एनिमी एलियन'ला नाही. हिंदी पाठात त्याला 'शत्रु अन्यदेशीय' म्हटलंय. अन्यदेशीय हा शब्द ओसरीताईंच्या आईंना चालतो का बघा.

ओसरी

आईला विचारलं. म्हणाली, "अन्यदेशीय म्हणजे सकाळच्या सातच्या बातम्या लागल्यासारखं वाटतं."

तळेगावकर_ह्यूस्टन

मला या चर्चेचं जरा आश्चर्य वाटतंय. कायद्यात शब्दाची व्याख्या असते, भावना नसतात. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात सरळ लिहिलंय, जो या देशाचा नागरिक वा नॅशनल नाही तो एलियन. झालं. मी अकरा वर्षं एलियन होतो, ना माझा पगार कमी झाला ना जेवण. प्रत्येक शब्दात अपमान शोधत बसलं तर जगणं अवघड होईल.

रानजाई

@तळेगावकर, तुमचे अकरा वर्षं पगारपाण्याचे बरे गेले याचा आनंद आहे. माझा अनुभव वेगळा. मी शाळेत शिकवते, आमच्या वर्गात ग्वाटेमालाची, होन्डुरासची मुलं आहेत. एका मुलीच्या वडिलांना एका दुकानाच्या पार्किंगमध्ये कोणीतरी 'इल्लीगल एलियन' म्हणून ओरडलं. ती दुसऱ्या दिवशी मला विचारत होती, "माणूस इल्लीगल कसा असतो? काम इल्लीगल असतं ना?" तिला उत्तर देताना मला कायद्यातली व्याख्या उपयोगी पडली नाही.

शब्द कायद्याच्या पुस्तकात असतो तेव्हा एक असतो, तोंडातून बाहेर पडतो तेव्हा दुसरा. विसाव्या शतकात विज्ञानकथांनी आणि सिनेमांनी त्याला परग्रहावरचा जीव करून टाकलं. आता नव्वद टक्के लोकांच्या डोळ्यांपुढे तोच येतो, ओसरीताईंच्या आईच्याही आला. व्याख्या १९५२ ची असली तरी कान आजचा असतो.

शब्दवेडा

रानजाई यांना अनुमोदन, आणि हे फक्त आपल्याला वाटतं असंही नाही. डार्टमथ कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांनी २०१४ मध्ये मागणी केली की ग्रंथालयाच्या विषयसूचीतून 'इल्लीगल एलियन्स' काढा. प्रकरण लायब्ररी ऑफ काँग्रेसपर्यंत गेलं. त्यांनी २०१६ मध्ये बदल करायचं जाहीर केलं, त्यावर तिथल्या संसदेत वाद झाला, आणि प्रत्यक्ष बदल २०२१ मध्ये आला. कॅलिफोर्नियाने आपल्या कामगार कायद्यातून 'एलियन' २०१५ मध्येच काढला. केंद्रात बायडन सरकारने २०२१ मध्ये इमिग्रेशन खात्याला 'नॉनसिटिझन' लिहायला सांगितलं. २०२५ मध्ये सरकार बदललं आणि 'एलियन' परत आला. ज्या शब्दात काहीच नाही त्याच्यासाठी एवढी ओढाताण होत नाही.

पहिलं_सेमिस्टर

मध्येच घुसतोय, माफ करा. मी ऑगस्टमध्ये एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलो, कॅम्पसवर काम करतो. टॅक्सच्या फॉर्मवर 'रेसिडेंट एलियन' की 'नॉनरेसिडेंट एलियन' असं विचारलंय. मी तर इथेच राहतो, मग रेसिडेंट ना?

तळेगावकर_ह्यूस्टन

@पहिलं_सेमिस्टर, नाही! सगळे इथेच चुकतात. टॅक्ससाठी रेसिडेंट म्हणजे 'राहणारा' असा साधा अर्थ नाही. १८३ दिवसांचं एक गणित असतं, आणि एफ-१ विद्यार्थ्यांचे पहिल्या पाच कॅलेंडर वर्षांतले दिवस त्यात मोजतच नाहीत. तू नॉनरेसिडेंट एलियन. १०४०-एनआर हा टॅक्सचा फॉर्म भर. ऑगस्टमध्ये आलास तरी हे वर्ष पाचांतलं एक धरलं जाईल, हे लक्षात ठेव. एक चांगली गोष्ट म्हणजे भारत-अमेरिका कर कराराच्या २१व्या कलमामुळे आपल्या विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून ठरावीक वजावट मिळतं. बाकी देशांच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ते मिळत नाही. पगारातून सोशल सिक्युरिटी कापताहेत का तेही बघ. कापत असतील तर पेरोलवाल्यांना जाऊन भेट, ते परत मिळतं.

पहिलं_सेमिस्टर

बापरे, मी चुकीचाच रकाना भरणार होतो. दादा, मनापासून आभार.

टेम्सकाठ

आता आमच्याकडची गंमत ऐका. मी लंडनला चोवीस वर्षं आहे, पासपोर्ट अजून भारतीयच. आणि ब्रिटनच्या कायद्यानुसार मी एलियन नाही! १९८१ च्या नागरिकत्व कायद्यात व्याख्या अशी आहे की जो राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक नाही, ब्रिटिश संरक्षित व्यक्ती नाही आणि आयर्लंडचा नागरिकही नाही, तो एलियन. भारत राष्ट्रकुलात आहे. त्यामुळे माझा जर्मन शेजारी एलियन आणि मी नाही. मी इथे संसदेच्या निवडणुकीत मत देते, तो देऊ शकत नाही. पहिल्यांदा मतदान केंद्रावर गेले तेव्हा मला विश्वासच बसत नव्हता.

यामागे जुना इतिहास आहे, आणि शब्दवेडा म्हणतात तो 'दुसऱ्याचा' अर्थ त्यात नीट दिसतो. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. प्रश्न आला, त्यानंतर स्कॉटलंडमध्ये जन्मलेलं मूल इंग्लंडमध्ये एलियन का? १६०८ च्या 'कॅल्विन्स केस'मध्ये निकाल लागला की नाही. कारण राजा एकच आहे. भाषा, चालीरीती, तोंडवळा, कशाचाच विचार नाही. माणूस कोणत्या राजाचा, एवढंच. साम्राज्य पसरलं तसं हेच सूत्र बार्शीपर्यंत पोचलं. ओसरीताई, तुमची आई १९४७ च्या आधी जन्मली असेल तर जन्मताना ती ब्रिटिश प्रजा होती. त्या वेळी लंडनला आली असती तर एलियन ठरली नसती.

ओसरी

@टेम्सकाठ, १९४६ चा जन्म! तिला सांगितलं तर म्हणाली, "तेव्हा जायला पैसे कोणाकडे होते."

नगरी

एनिमी एलियनचा विषय निघाला म्हणून आमच्या नगरचं सांगतो. दोन्ही महायुद्धांत नगरला कैद्यांची मोठी छावणी होती. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात राहणारे जर्मन लोक पकडून आधी नगरला आणले, मग देवळालीला, मग डेहराडूनला. त्यांच्यात मिशनरी होते, इंजिनिअर होते, हिमालयात चढायला आलेले गिर्यारोहकही होते.

सासवडकर

आणि पुरंदर! वर गेलात तर त्या काळच्या लष्करी बराकी दिसतात. तिथे युद्धकाळात कुटुंबं, आणि ज्यांच्यावर फारसा संशय नाही असे लोक ठेवले होते. आमची आजी सांगायची की गडावर "जर्मनवाले" आहेत म्हणून पायथ्याच्या पोरांना वर जायची बंदी होती.

मला मोठेपणी कळलं की त्या "जर्मनवाल्यां"मध्ये ज्यू लोकही होते. हिटलरच्या भीतीने जीव मुठीत धरून पळालेले, त्यांत डॉक्टरही होते. हिंदुस्थानात आले तर कागदावर जर्मन, म्हणून एनिमी एलियन, म्हणून गडावर. पुढे नोव्हेंबर १९४१ मध्ये जर्मनीने देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं. म्हणजे इंग्रज म्हणतात तुम्ही त्यांचे, आणि ते म्हणतात तुम्ही आमचे नाही. शब्दवेडा यांचा अर्थ वाचल्यापासून माझ्या डोक्यात हेच फिरतंय. एलियन म्हणजे दुसऱ्याचा, मग हे कोणाचे? पुरंदरला दरवर्षी जातो. केदारेश्वराच्या पायऱ्या चढताना त्या लोकांची आठवण येतेच.

रानजाई

सासवडकर, वाचून थांबले. हे माहीत नव्हतं.

यारातीर

मेलबर्नहून. 'मग हे कोणाचे' याच प्रश्नावर इथल्या सर्वोच्च न्यायालयात खटला झालाय. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेच्या ५१व्या कलमात संसदेला 'एलियन्स'बद्दल कायदे करायचा अधिकार आहे. दोन आदिवासी वंशाचे पुरुष होते, एक पापुआ न्यू गिनीत जन्मलेला, दुसरा न्यूझीलंडमध्ये. दोघंही लहानपणापासून ऑस्ट्रेलियात वाढले, पण नागरिकत्वाचे कागद झाले नव्हते. तुरुंगवासाची शिक्षा झाली म्हणून सरकारने त्यांचा व्हिसा रद्द केला आणि देशाबाहेर काढायला निघालं. २०२० मध्ये निकाल आला, चार विरुद्ध तीन. आदिवासी ऑस्ट्रेलियन माणूस नागरिक नसला तरी त्याला या घटनेच्या अर्थाने एलियन म्हणता येणार नाही. या मातीशी त्याच्या लोकांचं नातं घटनेच्या कितीतरी आधीचं आहे.

नागरिक नाही आणि एलियनही नाही, अशी तिसरी जागा कायद्यात असू शकते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

कोकणकडा

अवांतर आहे, पण राहवत नाही. मी वनस्पतीशास्त्राची. आमच्याकडे 'एलियन' रोजचा शब्द आहे. घाणेरी, गाजर गवत, रानमोडी, सगळ्या एलियन. घाणेरी बागेत शोभेला म्हणून आणली, आता सह्याद्रीत उतारच्या उतार भरलेत तिने. गाजर गवताची आपल्याकडची पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्यातली. अमेरिकेच्या गव्हातून आलं असं म्हणतात, आणि लोक त्याला काँग्रेस गवतही म्हणतात.

पण एलियन आणि उपद्रवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते. मिरची एलियन आहे. बटाटा, टोमॅटो, काजू, पेरू, सीताफळ, सगळे अमेरिका खंडातून आलेले. कोल्हापूरच्या रश्श्यातून मिरची काढून दाखवा! ज्या बाहेरच्या झाडाने इथे बी धरलं, मदतीशिवाय पिढ्या चालवल्या, त्याला आम्ही 'नॅचरलाइज्ड' म्हणतो. हाच शब्द नागरिकत्व मिळालेल्या माणसाला लावतात. आणि जे दुसऱ्यांना जगू देत नाही तेवढंच 'इन्व्हेजिव्ह'. वर्तमानपत्रवाले तिन्हींना एकच 'परकीय आक्रमक' करून टाकतात तेव्हा फार त्रास होतो.

चिंचबन

म्हणजे मिसळीत मटकी तेवढी मिरासदार, बाकी सगळे ग्रीन कार्डवाले.

जुनी_वही

चिंचबन यांनी सहज 'मिरासदार' लिहिलं आणि माझं काम सोपं केलं. ओसरीताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या जोडशब्दात आहे असं मला वाटतं: उपरी.

जुन्या देशावरच्या गावात शेतकऱ्यांचे दोन प्रकार असत. मिरासदार, काही ठिकाणी थळकरी म्हणत, म्हणजे वंशपरंपरा जमिनीचा धनी. गावच्या मानपानात त्याचा हक्क. दुसरा उपरी. तो बाहेरून आलेला, कराराने जमीन कसणारा, मिराशीचा हक्क नसलेला. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये पेशव्यांच्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात हे दोन्ही शब्द आहेत. आपल्याकडची कागदपत्रं तर त्यांनी भरलेली आहेत.

आता ताळा पाहा. मिरासदार दुष्काळात परागंदा झाला तरी त्याची मिराशी बुडत नसे, वर्षानुवर्षांनी परत येऊन तो आपली जमीन मागू शके. उपरी गेला की गेला. ग्रीन कार्डवाला परवान्याशिवाय वर्षभरापेक्षा जास्त देशाबाहेर राहिला तर परत येताना कार्ड चालत नाही, नागरिक मात्र वीस वर्षांनी आला तरी दार उघडावंच लागतं. उपरी सारा भरायचा, ग्रीन कार्डवाला टॅक्स भरतो. उपरी घाम गाळायचा, पण पंगतीत पान मागे. ग्रीन कार्डवाल्याला मत नाही.

आणि महत्त्वाचं म्हणजे हा शब्द गावाने दिलेला आहे. त्यात विचित्र, भयंकर असं काही नाही. हा इथे राहतो, कसतो, पण मुळाचा इथला नाही, एवढंच तो सांगतो.

तळेगावकर_ह्यूस्टन

माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल थोडं. 'अकरा वर्षं काही झालं नाही' हे मी खरंच लिहिलं. पण जुनी_वही यांनी पंगतीचं लिहिलं आणि एक आठवलं. मुलीच्या शाळेच्या निवडणुकीला मी स्वयंसेवक होतो, टेबलं लावली, खुर्च्या मांडल्या, संध्याकाळपर्यंत उभा होतो. सगळे मत देऊन आले, मी नाही. तेव्हा काही वाटलं नाही असं म्हणायचो. वाटलं होतं.

मेरी_वसई

'उपरी'ला माझंही मत. आमच्या मराठी बायबलमध्ये हा शब्द वारंवार येतो. परक्या देशात राहणाऱ्याला उपरी म्हटलंय, आणि त्याला छळू नका, कारण तुम्हीही मिसर देशात उपरीच होतात, अशी आज्ञा आहे. इंग्रजीत १६११ च्या भाषांतरात मोशेच्या तोंडी एके ठिकाणी 'स्ट्रेंजर' आहे आणि दुसऱ्या ठिकाणी चक्क 'एलियन'. लहानपणी रविवारच्या वर्गात हा शब्द शिकले तो प्रेमाच्या आज्ञेतच शिकले, त्यामुळे माझ्या कानाला त्यात हिणकस काही लागत नाही.

रानजाई

मला 'उपरी' आणि 'उपरा' यांत थोडा फरक जाणवतो. उपरा म्हटलं की हाकलून दिल्यासारखं वाटतं.

जुनी_वही

@रानजाई, बरोबर. उपरा पुढे शिवीच्या अंगाने गेला. उपरीला अजून शेताचा वास आहे.

टेम्सकाठ

एक राहिलंच. अमेरिकेतल्या मंडळींनी थिंदचं नाव घेतलं नाही अजून?

शब्दवेडा

घेतो. भगतसिंग थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. त्या वेळच्या कायद्यांत 'नागरिकत्वाला अपात्र एलियन' असा वर्गच होता. कॅलिफोर्नियात १९१३ च्या कायद्याने अशांना शेतजमीन विकत घ्यायची बंदी होती. म्हणजे एलियन असणं ही तात्पुरती अवस्था नव्हती, आपल्या लोकांसाठी ते कायमचं कुलूप होतं. निकालानंतर आधी मिळालेली नागरिकत्वंही काढून घ्यायला सुरुवात झाली.

थिंद यांचे वकील होते लॉस एंजेलिसचे सखाराम गणेश पंडित. ते स्वतः १९१४ मध्ये नागरिक झालेले. सरकारने त्यांच्यावरही दावा लावला. त्यांनी न्यायालयाला सांगितलं की तुम्ही दिलेल्या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली उभी केली, संसार उभा केला, आता ते मागे घेता येणार नाही. १९२६ मध्ये अपिलात ते जिंकले. कुलूप उघडलं १९४६ मध्ये, पण नव्याने येणाऱ्यांचा कोटा वर्षाला शंभर हिंदी माणसांपुरताच ठेवला. ओसरीताईंच्या आईंचं जन्मसाल तेच.

म्हणून तळेगावकर, शब्दात भावना नसतात हे मला मान्य करता येत नाही. तुम्ही अकरा वर्षांनी त्यातून बाहेर पडू शकलात, कारण कोणीतरी ते दार आधी लढून उघडलं होतं.

तळेगावकर_ह्यूस्टन

मान्य. सखाराम पंडितांबद्दल आज पहिल्यांदा वाचलं. मुलीला सांगतो.

ओसरी

सगळ्यांचे खूप आभार. दोन संध्याकाळी हा धागा आईला वाचून दाखवला. पुरंदरच्या ज्यू डॉक्टरांचं ऐकताना तिने मला थांबवलं आणि सासवडकरांचा प्रतिसाद पुन्हा वाचायला लावला. मिरचीचं तिला पटलेलं नाही. "मिरची आपलीच," एवढंच म्हणाली.

'दुसऱ्याचा' हा अर्थ सांगितला तेव्हा म्हणाली, "मग त्यात वाईट काय? मी भारताचीच आहे, खरं तेच लिहिलंय." पण परकीय शब्द नको म्हणाली. तिच्या शाळेच्या पुस्तकात परकीय म्हणजे इंग्रज सरकार होतं, ते ती स्वतःला लावून घ्यायला तयार नाही.

उपरीवर मात्र ती थोडा वेळ गप्प बसली. मग सांगितलं, आणि हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. तिचे आजोबा दुष्काळात गाव सोडून बार्शीला आले, गिरणीत लागले. सुरुवातीला आळीत त्यांना उपरीच म्हणायचे. पुढे कोणी म्हणेना, घर झालं, सोयरिकी झाल्या. पण आजोबा स्वतः शेवटपर्यंत म्हणत, "आपण उपरी माणसं, पाण्याच्या नळावर आपण भांडू नये." आई म्हणाली, "नळावर मी कधीच भांडले नाही, ते त्यांच्यामुळे."

फॉर्म गेला, पोच पण आली. आईची एक लाल डायरी आहे, त्यात ती सगळे नंबर लिहून ठेवते. काल सहज उघडली. उषामावशी बार्शी आणि दाताचे डॉक्टर यांच्या मधे तिने ग्रीन कार्डावरचा नऊ आकडी नंबर उतरवून घेतलाय, आणि त्याच्यापुढे लिहिलंय, 'उपरी नंबर'.